जीएसटी कमी झाला, तर किंमत किती उतरायला हवी?

बिलावर जीएसटी वेगळा दाखवला म्हणजे तो सगळा गिऱ्हाइकाच्याच खिशातून गेला असं होत नाही. दुकानदार तो सरकारजमा करतो एवढंच. बोजा कुणावर किती पडतो, हे वस्तूवाचून कुणाचं जास्त अडतं यावर ठरतं.

समजा एका वस्तूची किंमत १०० रुपये आणि खप १,००० नग आहे. किंमत रुपयाने वाढली की मागणी १० नगांनी घटते. विक्रेत्याच्या हाती रुपया कमी पडला की पुरवठा ३० नगांनी घटतो. आता नगामागे २० रुपये कर लावा. किंमत ११५ होते, विक्रेत्याला ९५ सुटतात, खप ८५० वर येतो. म्हणजे १५ रुपये गिऱ्हाइकाचे, ५ विक्रेत्याचे. कर गिऱ्हाइकाने परस्पर भरायचा ठरवलं तरी वाटणी हीच राहते. औषधासारख्या, घेतल्याशिवाय गत्यंतर नसलेल्या वस्तूत गिऱ्हाइकाचा वाटा आणखी वाढतो.

कर उतरतो तेव्हाही फायदा असाच वाटला जातो, म्हणून हिशेब स्वतः करून बघावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. इथे बरेच जण १३ टक्के स्वस्ताई धरतात, ते चूक आहे. एमआरपीत कर धरलेला असतो, त्यामुळे जुन्या एमआरपीला ११८ ने भागून १०५ ने गुणायचं. सगळा फायदा गिऱ्हाइकाला दिला, तर ११८ ची वस्तू १०५ ला, म्हणजे घट साधारण ११ टक्के. ५ रुपयांचा पुडा ४ रुपये ४५ पैशांना यायला हवा. सुट्ट्यांच्या अडचणीमुळे किंमत तीच ठेवली, तर ५० ग्रॅमच्या जागी ५६ ग्रॅम माल हवा. वजन वाचल्याशिवाय हे कळणार नाही.

हॉटेलांचा हिशेब वेगळा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी रेस्टॉरंटचा कर १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. भाडं, यंत्रं, पॅकिंग यांवर भरलेला कर आता खर्चात धरावा लागतो. १०० रुपयांच्या थाळीचं बिल आधी ११८ व्हायचं. तिच्यामागे ८ रुपयांचं क्रेडिट बुडत असेल, तर मूळ दर १०८ होणं रास्त आहे आणि बिल ११३ रुपये ४० पैसे. बाकी खर्च तेच असताना थाळीचा दर ११२ केला, तर बिल ११७ रुपये ६० पैसे होतं आणि करकपात जवळजवळ सगळी मालकाकडेच राहते.