मावशीचा बूट

"मग माझं पाऊल खोटं का?" भाची कमरेवर हात ठेवून भांडतेय आणि तिचा दादा हसतोय, कारण तिची उडी तिच्या पावलांनी आठ भरली आणि त्याने मोजली तर सहाच.

आज संध्याकाळी, बडोद्याच्या कामाटी बागेत. मी मोबाईल काढून एक फूट म्हणजे १२ इंच, ३०.४८ सेंटिमीटर वगैरे सुरू करणारच होते, तेवढ्यात तीच म्हणाली, मावशीच्या बुटाने मोजू, दोघांना एकच!

मग काय, माझा बूट घेऊन बाकडी झाली, पायवाट झाली, झाडाच्या बुंध्याला बूट वळेना तर माझी ओढणी गुंडाळून ती गवतावर पसरून मोजली, १८७९ची बाग आहे पण इतकी बारीक मोजणी कुणी केली नसेल, आणि मी एका पायात नुसता मोजा घालून बसलेली.

शाळेत पट्टी आयती हातात येते हो, ती का लागते यावर भांडायला कुठे मिळतं? वीत आणि हाताने मोजायचे तेव्हाही हेच होत असणार (कापडवाल्याचा हात नेमका आखूड!).

आता घरी आल्यावर नवीन प्रश्न, बाटलीतलं पाणी बुटाने कसं मोजायचं? सुचवा कुणीतरी, बूट सोडून.