एक मेगाहर्ट्झचा खोडा

ओतकामाच्या पृष्ठभागाची तपासणी करणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रे ऑप्टिकल फायबरवरून नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचवणारे एक कार्ड तयार करण्याचे काम सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात माझ्याकडे आले होते. माहितीचा वेग सेकंदाला १ गिगाबिट होता, परंतु ८बी/१०बी संकेतनात प्रत्येक आठ बिटांच्या जागी दहा बिट पाठवावे लागत असल्यामुळे तारेवरचा प्रत्यक्ष वेग १.२५ गिगाबिट होत होता, आणि एका बिटाच्या वाट्याला अवघे ८०० पिकोसेकंद येत होते. २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून फेज-लॉक्ड लूपने, म्हणजेच पीएलएलने, १२५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे सगळ्या कामाला ताल देणारे ठोके, तयार करायचा आणि त्यावर पुढचा सगळा डोलारा उभा करायचा, अशी रचना होती. कार्ड पहिल्याच दिवशी चालू झाले. मात्र दर मिनिटाला दहा-वीस बिट चुकत होते.

पहिला आठवडा मी फायबरच्या जोडण्या पुसण्यात आणि मॉड्यूल बदलण्यात घालवला. त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. फायबर पूर्ण काढून, कार्डाचा पाठवणारा भाग त्याच कार्डाच्या घेणाऱ्या भागाला छोट्या तारेने जोडला तरी चुका तेवढ्याच राहिल्या, तेव्हा दोष घरातच आहे एवढे नक्की झाले. क्लॉकच्या वारंवारतेचे मापन केले, तर ती अपेक्षित आकड्यापासून दहा लाखांत जेमतेम बारा भाग सरकलेली होती. गिगाबिट इथरनेटला तर शंभर भागांपर्यंतची तफावत चालते. हे ऐकून आमचे मालक म्हणाले, "घड्याळ बरोबर चालतंय म्हणता, मग माल का चुकतोय?" प्रश्न अगदी नेमका होता. वारंवारता मोजणारे यंत्र हजारो ठोक्यांची सरासरी सांगते. त्यातला एखादा ठोका थोडा आधी आणि दुसरा थोडा उशिरा पडत असेल, तर ते सरासरीत विरून जाते. ठोक्यांच्या या मागेपुढे होण्यालाच जिटर म्हणतात, आणि बिट चुकतात ते त्याच्यामुळे.

पीएलएलचे काम मी त्यांना मिरजेच्या तंबोऱ्यावरून समजावले. एक तार सुरात लागलेली असते, दुसरी तिच्याशी जुळवायची असते. कान दोन्हींतला फरक टिपतो आणि हात खुंटी फिरवतो. पीएलएलमध्ये कानाच्या जागी फेज डिटेक्टर असतो, खुंटीच्या तारेच्या जागी व्होल्टेजने वारंवारता बदलणारा ऑसिलेटर, आणि हाताला किती घाई करू द्यायची हे लूप फिल्टर ठरवतो. हात संथ ठेवला तर संदर्भ क्लॉकमधील बारीक थरथर पुढे जात नाही, पण ऑसिलेटरची स्वतःची थरथर दुरुस्त व्हायची राहते. हात चपळ केला की नेमके उलटे होते. आमच्या लूपची बँडविड्थ सुमारे २०० किलोहर्ट्झ होती, म्हणजे त्याहून बऱ्याच वेगाने होणारी ऑसिलेटरची चुळबुळ लूपला आवरता येत नव्हती. मी फिल्टरचे रेझिस्टर बदलून बँडविड्थ वाढवून पाहिली. चुका थोड्या कमी झाल्या, पण लूप डळमळू लागला, आणि वारंवारता पाचपट करताना संदर्भाचा फेज नॉइज, म्हणजे त्याची थरथर, १४ डेसिबलने वाढतो, तोही आता अधिक प्रमाणात बाहेर येऊ लागला. तो मार्ग मी सोडला.

शेवटी कार्ड पिशवीत घालून मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो आणि एका परिचितांच्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर, म्हणजे कोणकोणत्या वारंवारता किती जोरात आहेत हे दाखवणाऱ्या यंत्रावर, क्लॉक लावला. १२५ मेगाहर्ट्झच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना, बरोबर १ मेगाहर्ट्झ अंतरावर, दोन ठसठशीत उपशिखरे उभी होती. जिटर निव्वळ यादृच्छिक असता तर पायथ्याशी पसरट टेकडी दिसली असती. टोकदार शिखरे दिसतात तेव्हा कोणीतरी ठराविक तालात ढकलत असते. वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज कायम राखणारा आमचा स्विचिंग रेग्युलेटर १ मेगाहर्ट्झवरच चालत होता.

तरीही मला ते पटेना, कारण रेग्युलेटर आणि पीएलएलचा वीजपुरवठा यांच्यामध्ये मी मुद्दाम विजेतला गोंगाट अडवणारा फेराइट बीड आणि त्यापुढे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवलेला होता. सांगलीला परतल्यावर ऑसिलोस्कोपची टोके अगदी जवळ टेकवून मोजले. बीडच्या अलीकडे रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, सुमारे १० मिलिव्होल्ट होते आणि पलीकडे जवळजवळ ३०. गाळणीतून पाणी अधिक गढूळ होऊन येत होते! बीड १०० मेगाहर्ट्झला रोधासारखा वागतो आणि तो आकडा माहितीपत्रकावर ठळक छापलेला असतो. कमी वारंवारतेला मात्र तो साधे इंडक्टर असतो. आमच्या बीडचे इंडक्टन्स ०.२५ मायक्रोहेन्री धरून हिशेब केला, तर त्या कपॅसिटरसह त्याचा अनुनाद थेट १ मेगाहर्ट्झवर येत होता. सिरॅमिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध नगण्य असल्याने अनुनादाला लगाम घालणारे काहीच नव्हते. हा हिशेब करायला पाच मिनिटे लागतात. मी तो आधी केला नव्हता, कारण ती जोडी जुन्या सर्किटच्या नकाशातून जशीच्या तशी उचलली होती.

इलाज सोपा निघाला. बीड आणि कपॅसिटर यांचा स्वाभाविक रोध, म्हणजे इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून काढलेले वर्गमूळ, सुमारे १.६ ओहम येतो. म्हणून तेवढाच रोध मालिकेत घेऊन १० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर समांतर जोडला. रोध वगळून नुसताच मोठा कपॅसिटर लावला असता, तर अनुनाद फक्त १०० किलोहर्ट्झकडे सरकला असता. आता बीडपलीकडचे रिपल अलीकडच्यापेक्षा कमी भरले.

एक लाख कोटी बिटांत एकापेक्षा अधिक चूक नको, अशी आमची अट होती. एवढे बिट १.२५ गिगाबिटच्या वेगाने जायला ८०० सेकंद लागतात, आणि ९५ टक्के खात्रीने सांगायचे तर त्याच्या तिप्पट बिट एकही चूक न होता जावे लागतात. त्या चाळीस मिनिटांत मी खुर्चीवरून उठलो नाही. मोजणी शून्यावरच राहिली.

आधी तयार झालेल्या पाच कार्डांवर जास्तीच्या रेझिस्टरला जागा नव्हती. तिथे जुन्या पद्धतीचे टँटलम कपॅसिटर वापरले, कारण त्यांच्या पोटात दीड ओहमाच्या आसपास रोध असतोच. सोल्डरिंग करणाऱ्या आमच्या ताईंनी ते पाचही एका दुपारी हाताने बसवून दिले.