आईच्या फाईलवरील ‘स्टेज ४ बी’

आईच्या गळ्यावर वीस वर्षांपासून गाठ होती. ती दुखत नव्हती, वाढतही नव्हती, म्हणून घरात तिचा विषय निघत नसे. दिवाळीनंतर मात्र लिंबाएवढी गाठ तीन आठवड्यांत संत्र्याएवढी झाली, आवाज बसला आणि पाणी पितानाही ठसका लागू लागला. गावातल्या दवाखान्यात घसा बसल्याची औषधे मिळाली आणि त्यात दहा दिवस गेले. हे दहा दिवस मला अजूनही सलतात.

बारीक सुईच्या तपासणीतून नक्की काही कळेना, म्हणून जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी केली. निदान आले अ‍ॅनाप्लास्टिक कार्सिनोमा, म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा फार वेगाने वाढणारा कर्करोग. आजार शरीरात कुठवर पसरला आहे हे दाखवणाऱ्या पेट स्कॅननंतर फाईलवर ‘स्टेज ४ बी’ असे लिहिले गेले. थायरॉइडचा कर्करोग बरा होतो, असे सगळे सांगत होते. ते खरेच आहे, पण मुख्यतः पॅपिलरीसारख्या प्रकारांबद्दल. त्यांत रुग्ण ५५ वर्षांखालील असेल, तर आजार फुप्फुसांत पोचला तरी टप्पा दोनच धरतात. अ‍ॅनाप्लास्टिकला पहिले तीन टप्पे नसतातच. गाठ ग्रंथीच्या आतच असेल तर ए, बाहेरच्या स्नायूंत वा श्वासनलिकेत घुसली असेल किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींत पोचली असेल तर बी, आणि दूरच्या अवयवांत गेली असेल तर सी. ‘चार’ वाचून मी खचले होते. खरी माहिती त्यापुढच्या अक्षरात होती.

‘‘किती दिवस?’’ असे मी डॉक्टरांना थेट विचारले. आजवरच्या नोंदींत मध्यक साधारण पाच-सहा महिन्यांचा आहे आणि वर्षभर जगणारे पाचांत एखादे, असे त्यांनी सांगितले. मध्यक म्हणजे मुदत नव्हे, निम्मे रुग्ण त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात, हेही त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावले. या पेशी आयोडीन शोषत नाहीत, त्यामुळे रेडिओआयोडीनचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन देऊन करायच्या उपचाराचा, उपयोग नव्हता. बीआरएएफ जनुकातला बदल सापडला असता तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही औषधांची जोडी देता आली असती. अमेरिकेत तिला या आजारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आईच्या गाठीत तो बदल नव्हता. राहिले रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी.

श्वास अडला तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, हे आई बोलू शकते आहे तोवरच तिला विचारा, असा डॉक्टरांचा आग्रह होता. मला धीर होईना. शेवटी मावशीने विचारले. आई म्हणाली, ‘‘रेडिएशन घेईन, पण नळी नको.’’

जुलैच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांत ठिपके दिसले आणि फाईलवर सी आले. ऑगस्टमध्ये, निदानानंतर आठव्या महिन्यात, आईने घरी, स्वतःच्या खोलीत शेवटचा श्वास घेतला. नळी बसवली नव्हती.