फाउंटन्स ॲबे: पाण्याच्या मागाने

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या या भग्न मठात शिरलात की मनोऱ्याकडे धावू नका, आधी स्केल नदी कुठे जाते ते बघा. ती चक्क इमारतींखालून, दगडी बोगद्यांतून वाहते. कोठाराच्या दक्षिण टोकाला थांबलं की पाणी खाली गडप होताना दिसतं. शौचकूप तिच्यावरच बांधले होते. नावही पाण्याचंच. लॅटिनमध्ये हा मठ ‘सांक्ता मारिया दे फोंतिबुस’, झऱ्यांजवळची मेरी. शेजारच्या बागेतल्या तळ्यांशी त्याचा संबंध नाही, ती १८व्या शतकातली.

११३२ साली यॉर्कच्या सेंट मेरीज मठातले १३ साधू, तिथली सैल शिस्त न पटल्याने, बाहेर पडले. आर्चबिशप थर्स्टनने त्यांना ही दरी दिली. ११३५ मध्ये ते सिस्टर्शियन या साध्या राहणीच्या ख्रिस्ती साधुपंथात गेले. पुढे यॉर्कच्या आर्चबिशपपदावरून भांडण पेटलं, मठाधिपती हेन्री मर्डॅक त्यात पडला आणि विरोधकांनी मठच जाळला. आज दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं.

चर्चमध्ये पश्चिम दारातून शिरा, म्हणजे काळाच्या क्रमाने चालता येतं. आधी १२व्या शतकातले जाडजूड, साधे खांब. पूर्वेच्या टोकाला १३व्या शतकातलं उंच, हलकं ‘नऊ वेदींचं’ दालन. मनोरा त्याहून खूप नंतरचा, मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबीचा. सिस्टर्शियन साधेपणात हा दिमाख बसत नाही, पण लोकरीच्या व्यापारातून पैसा आला होता! मला मात्र कोठारच आवडलं: जवळजवळ ९० मीटर लांब, कमानींमागून कमानी. छत शाबूत असल्याने पावसात आसराही तोच.

१५३९ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मठ बंद करण्याच्या मोहिमेत हाही मठ बंद झाला. इथलेच दगड वापरून जवळचा फाउंटन्स हॉल हा वाडा उभा राहिला. परतताना नजर टाका.

लीड्सहून हॅरोगेटमार्गे ३६ नंबरची बस रिपनला येते. रिपनला रेल्वे नाही. तिथून मठ पाचेक किलोमीटर. पुढच्या बस मोजक्याच, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा. अभ्यागत केंद्रापासून मठापर्यंत उतार आहे, म्हणजे परतताना चढ. गुडघे दुखत असतील तर बागेच्या बाजूने, तळ्याकडून या. अंतर जास्त, पण वाट बरीच सपाट. हिवाळ्यात लवकर निघा, चारच्या सुमारास अंधारतं.