काठमांडूत नोकरी शोधायची असेल तर आधी कागद, मग तिकीट

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला तिथे कामही करता येते, एवढ्या भांडवलावर मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हाती येताच नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी धरली. ही माहिती देणाऱ्या नाशिकच्याच परिचिताने खोटे काही सांगितले नव्हते. पण त्याने जे सांगितले नाही, त्यापायी माझे बारा दिवस आणि शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे गेले.

नेपाळमध्ये अभियंता म्हणून काम करण्यासाठी नेपाळ इंजिनिअरिंग कौन्सिलची नोंदणी आवश्यक असते, आणि बाहेरच्या पदवीला समकक्षतेचे, म्हणजे ती तिथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचे, पत्र विचारले जाते. जलविद्युत प्रकल्पांचे आराखडे करणाऱ्या तीन कंपन्यांत मी गेलो आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न हाच आला. तिसऱ्या कार्यालयातील ज्येष्ठ अभियंत्यांनी माझी फाइल शेवटच्या पानापर्यंत चाळली, पुणे विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, कुठे आहे असे विचारले आणि ती काढलेलीच नाही हे कळल्यावर फाइलची नाडी बांधून ती माझ्याकडे सरकवली.

माझे स्पष्ट मत असे की, नवख्या पदवीधराने काठमांडूत दारोदार फिरू नये. तिथल्या पदवीधरांना भाषा येते, त्यांची नोंदणी झालेली असते, मग आपल्यासाठी कागदांची खटपट कोण करील? 900 मेगावॅटच्या अरुण-3 सारख्या प्रकल्पांवर भारतीय कंपन्या आहेत. त्यांच्या भारतातील कार्यालयांत अर्ज करावा आणि नेमणूकपत्र घेऊनच निघावे.

आता रस्त्याविषयी. गोरखपूरहून पुढे सोनौली या सीमेवरच्या गावी, सीमेच्या अलीकडे, बसचे तिकीट मुळीच घेऊ नये. मी दलालाकडून घेतले, आणि पलीकडे भैरहवाला तिकीट काढलेल्या शेजारच्या प्रवाशाने माझ्या जवळपास निम्मेच पैसे दिले होते. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. मला 150 मिळाले आणि थकव्यामुळे मी वाद घातला नाही, याची रुखरुख अजून आहे. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावे, आधार कार्डावर विसंबू नये.

काठमांडूच्या वाटेवरचा बुटवल ते नारायणगढ हा सुमारे 115 किलोमीटरचा पट्टा मी कधीच विसरणार नाही. रुंदीकरणासाठी उखडलेल्या या रस्त्यावरील दाउन्नेच्या चढात आमची बस मध्यरात्री साडेतीन तास जागची हलली नाही. कसारा घाटातील कोंडी अंगवळणी पडलेल्या मलाही ते असह्य झाले. खिडकी लावली तर गुदमरायला होई, उघडली तर ट्रकांची धूळ आत येई. मुलाखतीसाठी इस्त्री करून नेलेला पांढरा सदरा बंद बॅगेत होता, तरी सकाळी त्याच्या घड्यांवर पिवळट रेघा उमटल्या होत्या. रात्रीची बस टाळावी, आणि पावसाळ्यात या मार्गाने जाऊच नये, कारण पुढे नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात.

शनिवारी तिथे कार्यालयांना सुटी असते. मी नेमका शनिवारी पोहोचलो. जाहिरातींतील तारखा विक्रम संवताच्या असतात आणि त्यांचे सौर महिने आपल्या पंचांगातील महिन्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका अर्जाची मुदत हुकली. काठमांडूला लागून असलेल्या पाटणमधील मुक्काम मात्र सुखाचा झाला.

ट्रान्सक्रिप्टसाठी मी आता विद्यापीठाकडे अर्ज केला आहे. ती हाती आली, तरी दसैं आणि तिहार, म्हणजे तिथला दसरा आणि दिवाळी, आटोपेपर्यंत मी निघणार नाही, कारण त्या दिवसांत तिथे कार्यालयीन कामे होत नाहीत.