नॉटिंगहॅमची भिशी

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या एका पबमध्ये टेबलापाशी बसून मी पंचवीस मिनिटं वेटरची वाट पाहिली. मेन्यू कार्ड दोनदा वाचून झालं, शेजारच्या टेबलाखाली झोपलेल्या कुत्र्याशी ओळख झाली, पण कुणी फिरकलं नाही. भाचा ऑफिसातून आला तो हसतच. "मावशी, ही काय पंगत आहे का वाढपी यायला? इथे आपण उठून काउंटरवर जायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लासही आपणच आणायचा."

मुळात मी पबमध्ये बसले हेच नवल. आमच्याकडे परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, आत लाल अंधार आणि समोरून जाताना बायकांनी पाऊल उचलायचं. इथे खिडकीपाशी दोन आजीबाई शब्दकोडं सोडवत होत्या, दोघींपुढे अर्धा-अर्धा पाइंट. दुपारीच मी किल्ल्याच्या कड्याला चिकटलेला 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' नावाचा पब पाहून आले होते. भिंतीवर ११८९ साल रंगवलंय. इमारत मात्र त्याहून कितीतरी शतकं तरुण, आणि सर्वांत जुने आम्हीच म्हणणारे आणखी दोन पब याच गावात आहेत. मागच्या खोल्या थेट वालुकाश्मात कोरलेल्या. तिथे एक खेळण्यातलं गलबत धुळीची पुटं चढलेल्या अवस्थेत ठेवलंय. ते पुसणारा मरतो म्हणे. आमच्या कामवाल्या मावशींना ही सबब कळू नये एवढीच इच्छा.

काउंटरवर रांग दिसेना. रांगेसाठी नावाजलेली ही माणसं इथे आडवी पसरून उभी होती. मी सवयीने वीस पौंडांची नोट उंच धरली, तशी भाच्याने माझा हात खाली ओढला. "नोट हलवायची नाही, हाक मारायची नाही. नुसतं तिच्याकडे बघत राहा." बघत राहिले. काउंटरमागची मुलगी एका आजोबांकडे वळली, तर त्यांनी मानेनेच माझ्याकडे खूण केली: या आधी आल्यात. मला स्वतःला माझा नंबर ठाऊक नव्हता, त्यांना होता! पिठाच्या गिरणीत डबे ठेवून आपण भाजी आणायला जातो आणि नंबर डब्याचा लागतो, तसंच. फक्त इथे डबाही दिसत नाही.

मुलीने उंच मुठीचा दांडा हापशासारखा ओढला आणि तळघरातल्या पिंपातून तपकिरी एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, ग्लासात चढली. बाटलीतल्या बिअरसारखी ती बर्फगार नसते, फारशी फसफसतही नाही. बारा अंशांच्या आसपास, तळघराइतकीच गार. आख्खा पाइंट ५६८ मिलिलिटरचा, मी अर्ध्यावर भागवलं. चव पहिल्या घोटाला काढ्याची, तिसऱ्याला बरी.

तोवर भाच्याचे चार सहकारी आले आणि खरी परीक्षा सुरू झाली. एकाने सगळ्यांना विचारून सहा ग्लास आणले. मी लगेच पर्स उघडून माझ्या अर्ध्या पाइंटचे सुटे टेबलावर मोजायला घेतले. सगळे एकदम गप्प. भाचा मराठीत पुटपुटला, "मावशी, टीटीएमएम नाही इथे. राउंड असतो. आज त्याचा, मग दुसऱ्याचा."

म्हणजे भिशीच की! हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आमची भिशी बावीस वर्षं चालू आहे, नियम तेच. एकदा घेतलं की आपली पाळी चुकवायची नाही, आणि कुणाची राहिली हे सगळ्यांच्या लक्षात असतं पण बोलून कुणी दाखवत नाही. तिसऱ्या खेपेला ग्लास रिकामे झाले तेव्हा कुणी काहीच बोललं नाही, फक्त टेबलाखालून भाच्याचा गुडघा लागला. मी उठले. किराण्याची यादी घोकावी तशी सहा नावं घोकत काउंटरवर गेले. इथे टिप ठेवत नाहीत, फार तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणतात. तेही म्हणून टाकलं. मुलगी हसली, तिच्या ग्लासाचे पैसे बिलात धरले आणि नंतर घेते म्हणाली. तीन ग्लास दोन हातांच्या त्रिकोणात धरून आणताना थोडी एल माझ्या शालीनेही घेतली.

चौथा राउंड चालू असताना घंटा वाजली: शेवटची ऑर्डर. पहिल्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून पबच्या वेळा आवळल्या. दुपारी बंद ठेवायची सक्ती तर थेट १९८८ पर्यंत टिकली. आता कायद्याने उशिरापर्यंत परवाना मिळू शकतो, पण या पबात अकरा म्हणजे अकरा.

दोघांची पाळी राहिलीच होती. त्यातला एकजण कोट चढवता चढवता मला म्हणाला, "गुरुवारी पहिला राउंड माझा. तुमचं एक माझ्याकडे बाकी."

माझं विमान मंगळवारचं होतं. "काळजी नको," भाचा म्हणाला, "तुझं मी वसूल करतो."