पानशेतच्या आधी की नंतर?

नव्वदीच्या घरातल्या निवृत्त बाईंना किंवा सरांना "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं, की निरोपसमारंभातलं भाषण ऐकायला मिळतं. बालपण, शिक्षण, नोकरी, सत्कार. चाळीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेल्या माणसाला सलग, नेटकं बोलायची सवय असते. ते बोलणं खोटं नसतं, पण अनेकदा बोलून गुळगुळीत झालेलं असतं. ज्यांनी शाळा केली, देश-परदेश पाहिला आणि निवृत्तीनंतरही रक्तदान शिबिरं, साक्षरता वर्ग, पालखीतली पाणीवाटपाची कामं केली, त्यांचं आयुष्य खरोखर नोंदवायचं असेल तर त्या भाषणाच्या आजूबाजूला शिरावं लागतं.

शिरायची सोपी वाट म्हणजे नकाशा. कोरा कागद आणि शिसपेन्सिल पुढे ठेवा आणि पहिल्या शाळेचा आराखडा काढून मागा. फळा कुठे होता, दार कुठल्या बाजूला, पाण्याचा माठ कुठे, पाऊस कुठून आत यायचा. हात चालू लागला की बोलणं आपोआप बारीक होतं. "कसं वाटलं?" हा प्रश्न शक्यतो टाळा. "कुठून गेलात, किती वाजता, बरोबर कोण होतं?" हे विचारा, वाटणं त्यात येतंच. महर्षी कर्व्यांनी सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका पालथी घातली. तरी लोकांच्या मनात घर करून राहिली ती मुरुडहून कुंभार्ली घाटातून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली पायपीट आणि "वयाने लहान दिसतोस" म्हणून मिळालेला नकार. त्या गोष्टीत वाट आहे, घाट आहे आणि नकाराचं नेमकं कारण आहे, म्हणून ती टिकली.

आता सालांचं. सालं चुकतात, हमखास. पुण्यातल्या त्या पिढीसाठी सगळ्यात भक्कम खुंटी म्हणजे 12 जुलै 1961, पानशेत धरण फुटून आलेला पूर. "हे पानशेतच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं की निम्मा गोंधळ मिटतो. पुढच्या खुंट्या अशा: 1 एप्रिल 1957 (आणे गेले, नवे पैसे आले), 1 मे 1960, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, 1972चा दुष्काळ, 1975ला दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा (त्याआधी मॅट्रिक म्हणजे अकरावी), आणि 30 सप्टेंबर 1993ची किल्लारीची पहाट. एखादी आठवण दोन खुंट्यांमध्ये अडकवता आली तरी पुष्कळ झालं. नेमकं साल नाही मिळालं तर "1961 ते 1967च्या दरम्यान" असंच लिहा, अंदाजाने आकडा ठोकू नका.

शिक्षकांसाठी आणखी एक मोजपट्टी असते, जनगणनेची ड्यूटी. दर दहा वर्षांनी ती यायचीच आणि कुठल्या पेठेत फिरलो हे विसरलं जात नाही. 1961ची जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, पूर जुलैत आला. म्हणजे नदीकाठच्या पेठांमध्ये ज्यांनी घरोघर जाऊन माणसं मोजली, त्यांनी मोजलेले कित्येक वाडे चार-पाच महिन्यांत पडले आणि त्यातली कुटुंबं गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतींत गेली. त्या ड्यूटीवर असलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर हा प्रश्न याच आठवड्यात विचारा. दाराशी कोण आलं, काय विचारलं, पुरानंतर त्या गल्लीत पुन्हा गेलात का. हे कुठल्याच सरकारी तक्त्यात मिळणार नाही.

जन्मतारखेची एक गंमतशीर पण महत्त्वाची अडचण आहे. दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुतेक वेळा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख असते. म्हणून तर त्या पिढीतले इतके शिक्षक 31 मेला निवृत्त झाले. खरी तिथी घरात कुणाला तरी माहीत असते. शक सालात 78 मिळवले की इसवी सन मिळतो. पण जानेवारी लागल्यानंतरचे दिवस, म्हणजे पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुन असेल तर 79 मिळवायचे. शके 1862चा माघ म्हणजे 1941. दोन्ही तारखा लिहा, एक "दाखल्यावरची", एक "घरची". बाईंच्या बाबतीत प्रमाणपत्रांवर माहेरचं नाव असतं, तेही आधीच टिपून ठेवा, नाहीतर पुढे एकाच व्यक्तीची दोन माणसं होतात.

कागदांत पहिला मान सेवापुस्तकाला. नेमणूक, बदल्या, वेतनवाढी, रजा, सगळं तारखेनिशी असतं. "1948ला महानगरपालिकेच्या शाळेत लागले" असं कुणी सांगितलं तर थांबा. पुणे महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950ची, त्याआधी नगरपालिका. आठवण बरोबर असू शकते, नाव नंतरचं चिकटलेलं असतं. तसंच जिल्हा परिषदेचं, ती 1 मे 1962 पासूनची.

प्रवासासाठी जुने पासपोर्ट शोधा. कोपरा कापून रद्द केलेले असले तरी फेकू नका. शिक्के पानांच्या क्रमाने नसतात, जिथे जागा दिसली तिथे मारलेले असतात. म्हणून आधी सगळे शिक्के वहीत तारखेप्रमाणे उतरवा आणि मगच बोलायला बसा. बोलताना बाई "मद्रास" म्हणाल्या तर मद्रासच लिहा. देशातल्या सहलींना शिक्के नसतात, तिथे फोटो कामी येतात.

अल्बममधले फोटो सोडवताना मात्र घाई नडते. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये खळीने चिकटवलेले फोटो उपटू नका, अख्खं पान स्कॅन करा, लहान फोटो 600 डीपीआयला. नंतरच्या काळात आलेल्या चिकट पानांच्या अल्बमचा गोंद पिवळा पडून फोटोला धरतो. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळू सरकवला तर सुटतो. नाही सुटला तर तसाच ठेवा. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटतो आणि मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत.

रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो. तो विमान मोडवर टाका, कारण मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. खाली घडी घातलेला नॅपकिन ठेवा, म्हणजे टेबलावर कप ठेवल्याचा दणका येत नाही. पंखा बंद, कुकर नंतर. सकाळी चहा आणि गोळ्या झाल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. थकवा आला की माणूस पुन्हा त्या तयार भाषणाकडे वळतो. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेव्हा सगळं रेकॉर्ड करून मग लिहू असं म्हणू नका. प्रत्येक बैठक पुढच्या बैठकीआधी उतरवा, म्हणजे पुढचे प्रश्न त्यातूनच मिळतात.

समाजकार्याबद्दल बोलताना "आम्ही" फार येतं. "आम्ही वर्ग सुरू केले", "आम्ही धान्य वाटलं." हा आम्ही म्हणजे कोण? मंडळ, शेजारच्या दोघी, की यजमान आणि त्या? प्रत्येक वेळी नावं विचारा. यातच ती माणसं सापडतात ज्यांचा कधी सत्कार झाला नाही. मंडळाचं इतिवृत्त, पावतीपुस्तकं, हजेरीपट मिळाले तर सोनं. पालखीच्या कामाची आठवण तिथीने असते आणि चांद्र वर्ष लहान असल्याने, शिवाय मध्येच अधिक महिना येत असल्याने, तिची तारीख दरवर्षी हलते. "पालखी भवानी पेठेत मुक्कामाला होती" एवढ्यावरून तारीख ठरवू नका, त्या वर्षाचं पंचांग पाहा. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचं काही निघालं आणि "हे लिहू नका" म्हणाल्या, तर तिथल्या तिथे रेकॉर्डिंग थांबवा आणि तेवढा भाग पुसून दाखवा.

छापायचं ठरलं तर मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. छपाईवाले तो श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत नेतात तेव्हा "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला अर्धा र (ऱ) हमखास मोडतो, ते शब्द आधी शोधून तपासा. मुद्रितशोधनाची प्रत 16 पॉइंटात काढा, उजवीकडे दोन इंच समास सोडा आणि लाल पेन द्या. बाई वही तपासल्यासारखी ती तपासतील. बरोबरच्या खुणा करतील, एखादं साल खोडतील, समासात चार ओळी नव्याने लिहितील. दुरुस्त्या करून झाल्यावर ती लाल शाईची प्रत रद्दीत जाऊ देऊ नका, तिचंही स्कॅन करा.